मंगळाला निघालेलं हाड

१९ ऑगस्ट

इसामु,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. जुलैपासून लिहायला बसतोय, पण दर वेळी पहिल्याच ओळीत शिवी येते आणि कागद फाडावा लागतो. मी शाळेत फार दिवस गेलो नाही, तेव्हा अक्षर आहे हे असं आहे. लागलं नाही तर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे. कंपनीतल्या सगळ्यांसमोर वाचलं तरी माझी हरकत नाही.

तुझा खोकला अजून गेलेला दिसत नाही. टीव्हीवर बोलताना मध्येच खोकलास. मी विचारत नाहीये, दिसलं म्हणून लिहिलं.

यंदा तुझ्या आईचं पहिलं ओबोन होतं. या दिवसांत मेलेली माणसं घरी येतात, असं माझ्या आईने मला शिकवलं. देवळातले भिक्षू म्हणाले, "तोमेकिचीसान, आपल्या पंथात तसं काही मानत नाहीत." म्हटलं, तुमच्या पंथात नसेल, माझ्या बायकोच्या होतं. दाराबाहेर पांढरा कंदील टांगला. तिला आवडणाऱ्या नासपाती कापून ठेवल्या. पण तिन्ही दिवस मला एकच घोर लागला होता. ती आली तर बोलणार कशी? तिच्या गळ्याचं हाड तुझ्याकडे आहे.

तुला आठवत असेल. दहनानंतर आपण दोघांनी मिळून काड्यांनी तिच्या अस्थी वेचल्या. गळ्याचं हाड अख्खं निघालं, मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखं. तिथला माणूस म्हणाला, इतकं सुबक क्वचितच निघतं. ते वेगळ्या लहान बरणीत ठेवलं. एकोणपन्नासाव्या दिवशी बाकीच्या अस्थी कबरीत ठेवल्या आणि तू म्हणालास, "बाबा, हे मी क्योतोच्या मोठ्या देवळात ठेवून येतो, रीतीप्रमाणे." मीच ती बरणी कापडात बांधून तुझ्या हातात दिली. वर सांगितलं, गाडीत मांडीवर घेऊन बस, वरच्या फळीवर ठेवू नकोस. तू मान डोलावलीस.

आणि जुलैत योनेमारूबाईंच्या खानावळीत शेवयांचा वाडगा पुढ्यात घेऊन बसलो होतो, तर टीव्हीवर तू. म्हणे माणसाला एकच घर असून भागणार नाही. आभाळातून एखादा दगड पडला, समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला, की सगळे संपलो. म्हणून दुसऱ्या ग्रहावर वस्ती हवी. पण नुसती घरं बांधून वस्ती होत नाही, जिथे आपलं माणूस पुरलेलं असतं तिथेच आपण पुन्हा पुन्हा जातो. "म्हणून पहिल्या जहाजातून मी माझ्या आईला पाठवतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. योनेमारूबाईंनी माझ्याकडे बघून टीव्ही बंद केला. माझ्या शेवया तशाच राहिल्या.

तू मला फसवलंस. याला दुसरा शब्द नाही, असला तर तुझ्या शिकलेल्या मित्रांना विचारून कळव.

हाड परत आण. जहाज आपल्याच बेटावरून ऑक्टोबरात उडणार असं ऐकतो, म्हणजे वेळ आहे. आशीर्वाद लिहीत नाही.

सामेशिमा तोमेकिची

१० सप्टेंबर

इसामु,

तुझं उत्तर नाही. तुझ्याऐवजी तुझ्या कंपनीतली शिराकी नावाची बाई आली. चांगली बाई आहे, यात तिचा दोष नाही. केकचा डबा घेऊन आली होती. मी म्हटलं, मधुमेह आहे. ती इतकी ओशाळली की शेवटी मला एक तुकडा खावा लागला, आणि मग रात्रभर साखर वाढली असणार म्हणून झोप नाही. तेही तुझ्याच खात्यावर.

ती म्हणाली, "काका, इसामुसान तुमच्याबद्दल फार आदराने बोलतात."

"काय बोलतो?"

"तुमच्या शेतातल्या बांधाची गोष्ट सांगतात. त्यामुळेच आपण या कामाकडे वळलो, म्हणतात."

म्हणजे तुला ते अजून आठवतं. रताळ्याच्या शेताचा वरचा बांध पावसात ढासळला होता आणि आत काळ्या मातीच्या मधोमध नारिंगी माती दिसत होती. तू तिच्यात बोट खुपसून बसला होतास. तुझ्या मास्तरांनी तुला सांगितलं, की ही राख आहे, हजारो वर्षांपूर्वी इथून जवळच समुद्राखालचा डोंगर फुटला आणि या बाजूची सगळी माणसं त्या राखेखाली गेली. त्या दिवशी तू जेवला नाहीस. आई म्हणाली, पोट बिघडलंय. पोट नव्हतं बिघडलं. तुझ्यात भीती शिरली ती तेव्हा. मी तुला खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, की अरे, नंतर पुन्हा माणसं आलीच ना? होड्यांतून आली, त्याच राखेवर त्यांनी शेती केली, आणि आपण रताळी खातोय. तू विचारलंस, "पण बाबा, कुठून आली?" मी म्हटलं, दुसरीकडून. त्यावर तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस. मला वाटलं समजूत पटली.

शिराकीबाईंना म्हटलं, माझा मंगळाला विरोध नाही. जायचं त्याने खुशाल जावं. तिथे श्वासाला काय घेणार, दात दुखला तर कोण उपटणार, याची मला काळजी वाटते, पण ती काळजी मला बोटीने कागोशिमाला जाणाऱ्याचीही वाटते. जे लोक इथे परत आले ते आपल्या पायांनी आले, बाई. आपल्या मेलेल्या आईला पुढे ढकलून कुणी जागा धरली नव्हती. त्याला म्हणावं, इतकंच असेल तर स्वतःचं हाड पाठव. एक बोट काप आणि पाठव.

ती वहीत लिहून घेत होती, ते ऐकल्यावर थांबली.

आणखी एक. कबरीच्या दगडामागे, कबर बांधणाऱ्यांच्या नावांत तुझं नाव कोरलेलं होतं. पाथरवटाला बोलावून त्यात सिमेंट भरून घेतलं. तो म्हणाला, "काका, नंतर उकरायचं झालं तर फार त्रास होईल हां."

"उकरायचं नाहीये."

"सगळे असंच म्हणतात," म्हणाला, आणि कच्चं सिमेंट कालवायला लागला. मी त्याला पक्कं कालवायला लावलं.

तोमेकिची

११ ऑक्टोबर

इसामु,

एक वादळ गेलं, दुसरं येतंय. माझ्या होडीला चार दोर बांधलेत, तरी दर तासाला जाऊन बघून येतो. छपराची दोन कौलं गेली. तुझ्या जहाजाचंही काही बरं नाही असं ऐकलं. आधी म्हणे कुठली झडप चिकटली, मग पाऊस, मग वारा. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल.

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. म्हणून आता लिहितो. तू म्हणालास, "बाबा, आईनेच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"इस्पितळात. म्हणाली, मला इथून कुठेतरी लांब ने."

तापात माणूस काय वाटेल ते बोलतं. मला ती असलं काही म्हणाली नाही. आता मी दर वेळी इस्पितळात होतोच असं नाही, बोटी बंद असायच्या, ते असो. तिला विमानात बसायचं होतं हे मला ठाऊक आहे. तुझ्याइतकंच ठाऊक आहे. विमानात, इसामु. खिडकीजवळची जागा, चहा, आणि परतीचं तिकीट. ती बाई शेजारच्या बेटावर लग्नाला गेली तरी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायची, कोंबड्यांना कोण बघणार म्हणून. तिला तू अशा ठिकाणी पाठवतोयस जिथून परतीची बोट नाही. आणि म्हणतोस, तिनेच सांगितलं.

मग तू तो बांधच काढलास. "माणसं परत आली कारण दुसरीकडे माणसं होती, बाबा. तुम्हीच सांगितलं होतं. सगळीकडचीच गेली तर कोण येणार?" मी फोन ठेवला आणि रताळी उकडायला टाकली. ती उकडेपर्यंत तुझं तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. तू बरोबर असशील. पण तू बरोबर आहेस म्हणून माझी बायको तुझी होत नाही.

आता ऐक. काल आपल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन कुबोझोनो घरी आला. पायरीवर बसला, आत येईना. हा आत आला नाही म्हणजे काहीतरी मागायला आलाय, हे मी लहानपणापासून ओळखतो.

"तोमे, जहाज उडवायला होड्या बंदरात ठेवून कंपनीला द्यायचं ठरलं होतं ते दिवस महिनाअखेर संपतात."

"ते मला माहीत आहे."

"त्यांचं काम होणार नाही तेवढ्यात. आणखी थोडे दिवस मागतायत. नोव्हेंबरातले."

"नोव्हेंबरात जाळ्यात म्हाकूळ येतं."

"अरे, म्हाकूळ येतं की नाही ते म्हाकुळालाच माहीत. गेल्या वर्षी कुठे आलं? होड्या आणखी थोडे दिवस बंदरात राहिल्या तर काय बिघडतं? दुसऱ्या तारखेला सभा आहे. ये, आणि मुकाट्याने पेला उचल. बाकी सगळे तयार आहेत."

मी त्याला चहा दिला. फार चांगला चहा दिला, पाहुण्यांसाठी ठेवलेला. तो बुचकळ्यात पडला. जुलैनंतर पहिल्यांदाच मला भूक लागली होती.

जहाज उघड, बरणी काढ आणि घेऊन ये. दुसऱ्या तारखेच्या आत.

तोमेकिची

३ नोव्हेंबर

इसामु,

काल काय झालं ते शिराकीबाईंनी तुला सांगितलंच असेल. पण ती सभ्य बाई आहे, सगळं सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

आपल्या सोसायटीत हात वर करून मतं घेत नाहीत. सगळ्यांच्या पेल्यांत रताळ्याची दारू ओततात, सगळे एकदम पेले उचलतात, मग पितात. एकाचाही पेला खाली राहिला तर ते काम होत नाही. पण पेला खाली राहिलेला मी कधी पाहिला नाही. आपली माणसं घरी जाऊन शिव्या घालतात, तिथे मात्र उचलतात. तुला हे लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मला वाटलं तू येशील. मी धक्क्यावर सकाळची बोट बघायला गेलो होतो. शिराकीबाई उतरल्या, दोन पेट्या उतरल्या, तू नाही.

पेट्यांत पडदा होता. त्यावर तू आलास. काळा कोट, मागे पांढरी भिंत. म्हणालास, "गावातल्या काकांनो, मावश्यांनो, मी तुमच्यातलाच," आणि गुडघ्यांवर बसून कपाळ चटईला टेकवलंस. चटई कुठली होती रे ती? तुमच्या कचेरीत चटई कधीपासून? भाड्याने आणली असणार. लोकांना मंगळावर नेणारा माणूस, त्याला एक बोट पकडून बापाच्या गावी येता आलं नाही.

मी उठून पडद्याला विचारलं, "हाड कुठे आहे?"

तू वाकलेलाच.

"काका," शिराकीबाई हळूच म्हणाल्या, "ते आधी चित्रित केलेलं आहे. त्यांना ऐकू येत नाही."

मागे कुणीतरी हसलं. योनेमारूबाई म्हणाल्या, "तोमेकाका, आता बसा. तुमच्या एका हाडापायी कंपनीच्या लोकांना दिलेल्या माझ्या खोल्या रिकाम्या पडायच्या."

"तुझ्या खोल्या भरायला माझी बायको देऊ?"

"मी कुठे मागितली? ती बिचारी जिवंत होती तेव्हा मीच सांगायचे, हिला एकदा कुठे फिरवून आणा."

मी खाली बसलो.

शिराकीबाईंनी समजावून सांगितलं. बरणी जहाजाच्या टोकात बंद केली आहे. काढायची तर जहाज खाली आणून उघडावं लागेल, आणि तोवर मंगळ लांब गेलेला असेल. मग दोन वर्षांहून जास्त थांबायचं. मी म्हटलं, मग थांबा. कुबोझोनोने घाईघाईने दारू ओतायला सांगितली. त्याला वाटलं, पेला हातात आला की माणूस उचलतो.

सगळ्यांनी उचलले. मी हात मांडीवर ठेवले.

"तोमे, उचल रे."

पेले वरच. रीत अशी की सगळे होईपर्यंत कुणी खाली ठेवायचे नाहीत. कुबोझोनोचा खांदा धरलेला असतो. त्याचा हात थरथरायला लागला, दारू मनगटावरून बाहीत ओघळली. कुणी खोकलं. कुणी तुझ्या आईचं नाव काढलं, "मित्सुएबाईंनी काय म्हटलं असतं?" तेवढ्यापुरता मला राग आला. तिने काय म्हटलं असतं हे मला आता ऐकायला मिळणार नाही, आणि ते का, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

मग शिराकीबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. पडद्यावर नाही, खरोखरच्या. म्हणाल्या, "काका, मला एक मुलगी आहे. तिची मुलं, त्यांची मुलं... हे सगळं एक दिवस थांबू नये एवढ्यासाठी आम्ही झटतोय. जी गेली तिच्यासाठी, जे अजून यायचेत त्यांची वाट अडवू नका."

चांगलं बोलल्या. तू असं बोलला असतास तर माझा हात कदाचित हलला असता. मी म्हटलं, "बाई, जे यायचेत त्यांना इथे पाठवा. हवा आहे, पाणी आहे, घरं उघडी पडलीत, कुलूपसुद्धा नाही. आमची शाळा बंद झाली तेव्हा कुणी सभा घेतली नाही. आम्हीही संपतोयच की. आमच्यासाठी कुणी जहाज बांधलं नाही. असू दे, त्याचंही माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याने मला फसवून नेली, त्याने आणून द्यावी."

आणि मी तळहात पेल्यावर ठेवला.

सगळ्यात आधी कुबोझोनोने पेला खाली ठेवला. मग एकेकाने. आवाज होत गेला, टक, टक. दारू कुणी प्यायलं नाही. पडद्यावर तू पुन्हा पहिल्यापासून सुरू झालास, "काकांनो, मावश्यांनो", ते बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी घरी आलो. बरं वाटलं का विचारशील. फार बरं वाटलं. तुझ्या आईच्या फोटोपुढे भात ठेवला आणि दोनदा वाढून घेतलं.

तोमेकिची

२१ नोव्हेंबर

इसामु,

जहाज उभं होतं तिथून आडवं करून नेलं. मी टेकडीवर जाऊन पाहिलं. थंडी होती, कानटोपी विसरलो, तेव्हापासून कान दुखतोय.

गावात माझ्याशी कुणी बोलत नाही. सकाळी दारात कुणी मासे ठेवून जात नाही. योनेमारूबाईंनी मला बघून "शेवया संपल्या" म्हटलं, तेव्हा मागे मोठं पातेलं उकळत होतं. मी म्हटलं, "वासावर चालवतो." त्या हसल्या नाहीत. कुबोझोनो रस्ता बदलतो. म्हाकूळही आलं नाही, तो दोषही माझाच. हे सगळं मी धरून चाललो होतो. फक्त संध्याकाळी फार शांत असतं.

शिराकीबाईंचं पत्र आलं. तुला त्या कामावरून काढलं असं लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं. तू काय खातोस, कुठे राहतोस, ते काही लिहिलेलं नाही. तुझा पगार गेला याचा मला आनंद व्हायला हवा आणि होतोही, सकाळी होतो. बरणी काढून तुझ्याकडे दिली आहे असंही लिहिलंय. कंपनी पुढच्या खेपेची तयारी करणार आणि तू दुसऱ्या कुणाकडून तरी ती पाठवायच्या खटपटीत आहेस, असं त्यांना वाटतं. मला काहीच आश्चर्य वाटलं नाही. तुझा हट्ट कुठून आला हे घरात दोघांना माहीत होतं.

तेव्हा आता माझं ऐक. तुझ्या आईला मी कबरीपाशी सांगून ठेवलं होतं, की वसंतापर्यंत येतो. डॉक्टरकडे जाणं सोडलं होतं, गोळ्या कोंबड्यांच्या डब्यामागे टाकत होतो. परवा तिला जाऊन सांगितलं, की जरा थांब, इथे काम निघालंय. मग बोटीने कागोशिमाला गेलो, रक्त तपासून घेतलं. डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, "आजोबा, इतक्या महिन्यांनी एकदम जगायची इच्छा कशी झाली?" म्हटलं, मुलामुळे. त्याला वाटलं मी प्रेमाने म्हणतोय, त्याने गोळ्यांबरोबर फुकट मलमही दिलं.

सिगारेट सोडली. मीठ कमी केलं. रोज टेकडीपर्यंत चालतो. पुढच्या खेपेला मंगळ जवळ येईल तेव्हा कंपनीला पुन्हा सोसायटीकडेच यावं लागेल, आणि सभेत मी असेन. त्याच्या पुढच्या खेपेलाही असेन. दुसऱ्या कुठल्या देशातून उडवायचं ठरवलंस तर तेवढं कळव, मी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढेन. विमानात बसेन, खिडकीजवळ.

हे नको असेल तर ती बरणी घेऊन ये. टपालाने नाही, कुणा बाईच्या हाती नाही, स्वतः ये. मांडीवर घेऊन बस. मी तुला माफ केलेलं नाही आणि दारात उभा राहून ते करणारही नाही. पण भात दोघांचा लावेन.

येतोस की नाही, ते लवकर कळव. नाही येत म्हणालास तरी कळव, म्हणजे अजून किती वर्षं जगायचं ते मला ठरवता येईल.

तोमेकिची